जागेच्या मालकाचं सरबत

वरच्या मजल्यावर दगडी खलात बत्ता पडायला लागला की आमच्या धायरीच्या घरात सकाळ व्हायची. गजराचं घड्याळ होतं, दादा त्याला न चुकता किल्लीही द्यायचे, पण ते वाजायच्या आत वरून ठकाठक सुरू झालेलं असायचं. मिरची, लसूण आणि सुकट एकत्र कुटल्याचा वास जिना उतरून खाली यायचा, आईच्या चहाच्या वाफेत मिसळायचा, आणि बारावीला आपटलेला मी उशी कानावर ओढून स्वतःला बजावायचो की या गावात राहायचं नाही. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. जायचं, एवढं नक्की होतं. संध्याकाळी स्वारगेटला जाऊन मी एस.टी.च्या पाट्या वाचत उभा राहायचो. सांगली, हैदराबाद, पणजी. एखादी गाडी सुटायला लागली की तिच्याबरोबर दहा पावलं चालायचोसुद्धा, कंडक्टरनं "चढायचंय का?" विचारलं की मान हलवायचो, आणि खिशात जेवढे पैसे असायचे तेवढ्यात जिथं पोचता येतं तिथं, म्हणजे धायरीला, परत यायचो.

मी एकटाच असा होतो असं नाही. त्या वर्षभरात आमच्या घरात कोणी धड एका जागी बसलेलं मला आठवत नाही. दादा अंगणात येरझाऱ्या घालायचे, कारण विहाराचं बांधकाम रखडलं होतं. आई शाळेतून येऊन पुन्हा कुठल्यातरी शिकवणीला निघायची. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर, वरच्या खोलीत, एका बाईची पावलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतत फिरत असायची.

वर राहणारं कुटुंब थायलंडचं होतं. सोमचाय हा बारीक चणीचा गृहस्थ, आधी काही वर्षं भिक्खू होता, मग चीवर उतरवून संसारात पडला आणि पाली भाषेत डॉक्टर व्हायला पुण्याच्या विद्यापीठात आला. बरोबर बायको मालै आणि पाच वर्षांची मुलगी नोई. मालैचं आईनं आठवड्याच्या आत मालाबाई करून टाकलं. आमच्याकडे येण्याआधी त्यांच्या कोथरूडमध्ये दोन जागा झाल्या होत्या. पहिल्या घरमालकांना माशाच्या सॉसचा वास सहन झाला नाही. दुसऱ्या घरमालकांची वासाबद्दल काही तक्रार नव्हती. आपण स्वयंपाक तेवढा करू नये, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

शहरात एका सभेत सोमचाय पालीवर बोलला, तिथं दादांनी त्याला गाठलं आणि घरी घेऊन आले. दादा पाटबंधारे खात्यात आरेखक होते, धरणांचे नकाशे काढायचे, आणि आमच्या भागातल्या विहार समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा शाळकरी होते. घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला नेताना त्यांनी पाहिले होते. बावीस प्रतिज्ञा त्यांनी नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, तशा ते जगत होते. आमच्या भिंतीवर दोनच फोटो. नवस, अंगारा, लिंबू-मिरची यांतलं काही आमच्या फाटकाच्या आत आलं नव्हतं. असे दादा त्या दिवशी फाटकातूनच ओरडले, "अहो ऐकलंत का, बुद्धाच्या देशातली माणसं आपल्याकडे राहायला येतायत!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बुद्ध आपल्याकडचेच ना? मग बुद्धाच्या देशातली आपण."

"तुमचं म्हणजे नेहमी काहीतरी असतं," दादा म्हणाले.

दादांची अपेक्षा अशी की आपण धम्म अलीकडे हाती घेतलेली माणसं, आणि हे पिढ्यान्‌पिढ्यांचे, म्हणजे आपल्याला आता मूळ झऱ्याचं पाणी मिळणार. पहिल्या रविवारी सोमचायनं वंदना म्हटली तेव्हा तसं मिळालंही. शब्द आमचेच, चाल वेगळी, तोंडात खडीसाखर धरून म्हटल्यासारखी. दादांचे डोळे पाणावले. त्या भरात त्यांनी कौतुकानं नोईच्या डोक्यावर टपली मारली, आणि मालाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्याकडे दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नाहीत, हे सोमचायनं दोन दिवसांनी मला बसमध्ये सांगितलं. तोवर नोईला लाडानं आम्ही सगळ्यांनीच टपल्या मारून घेतल्या होत्या. मग आम्ही नोईचा लाड करायचा म्हणजे काय करायचं या विचारात पडलो. आई तिच्या खांद्यावर थोपटायची, दादा तिच्याशी गंभीरपणे हस्तांदोलन करायचे, आणि पोरगी आमच्याकडे ही माणसं बरी आहेत ना अशा नजरेनं बघायची.

नोईचं आमच्याआधी जमलं. गल्लीतल्या पोरांत ती दिवसभर हुंदडायची आणि दोन-तीन महिन्यांत अस्सल धायरीचं बोलायला लागली. "मला बी पायजे", "म्या न्हाय जानार". आई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. ती रोज तिला 'मलाही हवं' म्हणायला लावायची. नोई ते म्हणायची, हवं ते घ्यायची आणि बाहेर जाऊन "मला बी दे" करायची. सोमचायचं इंग्रजीवर चालायचं. शिवाय त्याच्याकडे हसू होतं. हो म्हणायचं असलं तरी तो हसायचा, नाही म्हणायचं असलं तरी हसायचा, आणि पायावर सिलिंडर पडला तेव्हाही हसला, फक्त जरा जास्त.

मालाबाईंना मात्र कोणाचीच भाषा येत नव्हती. आईशी त्यांचं सगळं बोलणं सुकटीवरून चालायचं. आमच्याकडेही बोंबील, जवळा, सुकट यांना बंदी नव्हती, उलट तीच चैन; त्यामुळे वरचा वास आम्हाला वास वाटला नाही, भूक वाटली. आई कांदा-सुकट वाटीत घालून वर पाठवायची, वरून हिरव्या मिरचीची आणि लिंबाची काहीतरी जहाल चटणी खाली यायची. दादा ती खाऊन घाम पुसत म्हणायचे, "चांगली आहे." आणि तांब्याभर पाणी प्यायचे.

एवढं होऊनही मालाबाई राहायला आल्यासारख्या राहत नव्हत्या. त्यांच्या दोन बॅगा दाराशी उभ्याच होत्या, पट्टे आवळलेल्या. रोजचे कपडे त्यातून काढायच्या, धुवायच्या, घडी करून परत त्यातच ठेवायच्या. आईनं एकदा वर जाऊन भिंतीतलं कपाट उघडून, रिकामं आहे, वापरा, असं हातवारे करून सांगितलं. मालाबाईंनी हात जोडले, हसल्या आणि कपाटात एक छत्री ठेवली.

त्यांना झोप लागत नाही, ही गोष्ट सोमचायनं मला स्वारगेटच्या स्टॉपवर सांगितली. बसची वाट बघताना तो माझ्यावर इंग्रजीचा सराव करायचा आणि मी त्याच्यावर. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की प्रत्येक जमिनीला एक मालक असतो. दिसत नाही, पण असतो. तिथं राहायचं तर आधी त्याला विचारायचं, कोपऱ्यात त्याला एक छोटं घर द्यायचं, रोज काही गोडधोड ठेवायचं. त्यांच्या देशात घराघराच्या अंगणात खांबावर असं घर असतं. कोथरूडला त्यांनी विचारलं नव्हतं, तर काय झालं? दोनदा बाहेर. धायरीलाही कोणी विचारलेलं नाही. मालाबाईंचं ठरलं होतं की मालकाचा होकार नसेल तर नोईला घेऊन परत जायचं, सोमचायनं पदवी घेऊन मागून यावं. आणि सोमचायचं म्हणणं, त्या दोघी गेल्या तर पदवी राहिली बाजूला, तोच पुढच्या विमानानं जाईल.

"तुम्ही हे मानता?" मी विचारलं.

तो हसला. "मी नाही मानत. पण ती झोपत नाही."

आता हे जसंच्या तसं दादांना सांगितलं असतं तर त्यांनी सोमचायला समोर बसवून विवेकवादाचे तीन तास घेतले असते आणि मालाबाई चौथ्या तासाला विमानात बसल्या असत्या. मी स्वतःला मोठा मुत्सद्दी समजत होतो. बारावीत मराठी सोडून सगळीकडे आपटलो होतो, पण मराठीत पासष्ट होते. मी दादांना सांगितलं की यांच्या देशात घराच्या कोपऱ्यात खांबावर चिमण्यांसाठी घर बांधायची पद्धत आहे.

दादांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बघ," ते म्हणाले. "प्राणिमात्रांवर दया म्हणजे काय, ते बघ. आपण नुसतं म्हणतो."

आणि ते घर त्यांनी स्वतः बांधलं. आधी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला, समोरून, बाजूनं आणि वरून. सोमचायनं भीतभीत एक चित्र दिलं होतं, त्यात छपराला टोकं वर वळलेली होती, पुढं छोटा ओटा होता, पायऱ्या होत्या. चिमण्यांना पायऱ्या कशाला, असं दादांनी विचारलं. मी म्हणालो, पिल्लांसाठी. दादांना पटलं. ऑफिसातल्या खोक्याच्या फळ्या, वर पत्रा, आणि खाली पक्का सिमेंटचा खांब. धरणवाला माणूस, पायाही तसाच घेतला. पुढचे दोन रविवार ते अंगणाच्या ईशान्येच्या कोपऱ्यात उकिडवे बसून ठोकत होते, वर मालाबाई ठोकत होत्या, आणि मालाबाई मधूनच कठड्याशी येऊन दादांकडे असं बघायच्या की आजवर माझ्याकडे तसं कोणी बघितलेलं नाही. घरमालक स्वतःच्या हातानं मालकासाठी घर बांधतोय! घर उभं राहिलं त्या दिवशी त्यांनी दादांना वाकून नमस्कार केला. "एवढं काय त्यात," दादा संकोचून म्हणाले. "मुक्या जीवांसाठी काम आहे."

दुसऱ्या दिवसापासून तिथं झेंडूची माळ, चिमूटभर भात, उदबत्ती आणि गुलाबाच्या लाल सरबताचा पेला यायला लागला. भात चिमण्यांसाठी, हे दादांना सांगावं लागलं नाही. उदबत्ती डासांसाठी, माळ दिसायला बरी म्हणून. सरबताबद्दल मी सांगितलं की उन्हाळा आहे, पाखरांना शक्ती यावी म्हणून. दादा "असं होय" म्हणून ऑफिसला गेले. घरात आता कोणीच नाही. अंगणात ऊन. खांबावर थंडगार लाल सरबत. मी अभ्यास करायला म्हणून कोपऱ्यातल्या सावलीत खुर्ची टाकली होती.

पुढचं सांगायला नकोच. पण त्याचा परिणाम काय झाला ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या देशात म्हणे हा मालक नुसता वास घेतो. पेला भरलेलाच राहतो, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. धायरीचा मालक तळापर्यंत पितो, हे बघून मालाबाई आधी दचकल्या, मग हरखल्या. एवढा राजीखुशीचा होकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्या झोपायला लागल्या. वरची पावलं थांबली. दोनपैकी एका बॅगेचा पट्टा सुटला आणि कपाटात छत्रीच्या शेजारी दोन साड्या आल्या, आईनं दिलेल्या. मी स्वतःची समजूत घातली की आपण समाजकार्य करतोय, आणि पेला अधिक निष्ठेनं रिकामा करू लागलो.

त्यात खंडूतात्या आले. आमच्या कुंपणापलीकडे त्यांचं शेत. प्लॉट पडले ती जमीनही मूळची त्यांच्या भावकीची. इतक्या वर्षांत ते कुंपणावरून बोलायचे, पावसापाण्याचं विचारायचे, पण फाटकातून आत कधी आले नव्हते. का आले नव्हते ते दादांना माहीत होतं, तात्यांनाही माहीत होतं, आणि दोघंही पावसापाण्याचंच बोलायचे. त्या दिवशी मालाबाई उदबत्ती ओवाळत असताना तात्या तडक आत आले.

"लई बरं केलं," ते मला म्हणाले. "हितं म्हसोबा व्हता आमचा. पिलाट पाडताना बुलडोझरनं कुटं ढकलला कुनाला ठावं. तवापासनं कुनी पानी बी घातलं न्हाय."

मग ते मालाबाईंशी बोलले आणि मालाबाई त्यांच्याशी. एकाची मराठी, दुसरीची थाई, मधे नोई उभी होती पण तिची गरज लागली नाही. जमिनीकडे बोट, मग घराकडे बोट, मग दोघांचे हात जोडलेले. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि त्यांचा एकही शब्द वाया गेला नाही. दुपारी तात्यांनी खांबाच्या पायथ्याशी एक गोटा आणून ठेवला, त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. मी पाणी विचारलं, ते नको म्हणाले. दादा यायच्या आत मी झेंडूची कुंडी गोट्यापुढे सरकवली. खोबरं नोईनं संपवलं. करवंट्या कुंडीमागं.

पौर्णिमेची वंदना त्या महिन्यात आमच्या अंगणात होती. सकाळची वेळ, सतरंज्या अंथरलेल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, फाटकाबाहेर सायकली आणि लुना. आईनं खिरीचं पातेलं चढवलं होतं, आणि टेबलावर मूर्तीपुढं शोभा यावी म्हणून तिनं अंगणातल्या सगळ्या कुंड्या उचलून पुढं मांडल्या होत्या. सगळ्या. मी शेवया आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा समितीचे सचिव गायकवाडकाका कोपऱ्यात उभे होते, हात मागं बांधून, पोस्टातल्या माणसाच्या सवयीनं ठसा नीट उमटलाय का बघतात तसे त्या शेंदराकडे वाकून बघत.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"चिमण्यांचं घर," दादा अभिमानानं म्हणाले. "मीच बांधलंय."

"असं का. चिमण्या नारळ कधीपासून फोडायला लागल्या?"

दादा कोपऱ्यात आले. गोटा बघितला. शेंदूर बघितला. खांब, माळ, उदबत्तीची राख, पिल्लांसाठीच्या पायऱ्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मिलिंद." घरात मी मिल्या होतो. पूर्ण नावानं मला फक्त बोर्डाच्या गुणपत्रिकेनं हाक मारली होती, आणि तेव्हाही काही बरं झालं नव्हतं.

मी तोंड उघडणार तोच मालाबाई जिना उतरून आल्या. एवढी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आपल्या कोपऱ्याभोवती जमलेली बघून त्यांना वाटलं, सगळे यासाठीच आले आहेत. त्या खुलल्या. पुढं होऊन गुडघ्यांवर बसल्या, उदबत्ती कपाळाशी नेली आणि त्यांच्याकडे सगळ्याच गोष्टींची सुरुवात करतात तशी केली: "नमो तस्स..."

आणि जे व्हायचं ते झालं. आमची माणसं लहानपणापासून दर रविवारी हेच म्हणत आलेली. समोरून 'नमो तस्स' आलं की हात आपोआप जोडले जातात, तोंड आपोआप उघडतं. मधे डोक्याला विचारायची पद्धत नाही. सतरंजीवरचे उठून उभे राहिले. सगळ्या अंगणानं, शेंदूर फासलेल्या गोट्याकडे आणि पत्र्याच्या घराकडे तोंड करून, एका सुरात तीनदा वंदना म्हटली. गायकवाडकाकांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. दादाही म्हणत होते. तिसऱ्यांदा संपल्यावर सगळ्यांनी डोळे उघडले, आपण कुठं तोंड करून उभे आहोत ते बघितलं, आणि हात हळूहळू खाली आले. कोणीतरी खोकलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मालाबाईंनी आदल्या दिवशीचा रिकामा पेला उचलून पाहुण्यांना दाखवला आणि नोईला काही सांगितलं. नोईनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत केलं, की हितला मालक लई भारी, रोज समदं सरबत पितो.

"कोण पितो?" गायकवाडकाका म्हणाले.

दादा माझ्याजवळ आले. "जीभ बाहेर काढ."

मी काढली. त्या सकाळी शेवया आणायला निघायच्या धांदलीत आदल्या दिवशीचा पेला मी जरा उशिरा, म्हणजे नुकताच, संपवला होता. जीभ कशी असेल ते सांगायला नको. अंगणभर हशा पिकला. हसत नव्हते ते दादा, आणि मालाबाई. नोईनं त्यांना थाईत काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण त्यांच्या तोंडावरचं हसू एकेक दिवा मालवत जावा तसं गेलं. कोणी होकार दिलेलाच नव्हता. इतके दिवस त्या एका नापास पोराच्या भरवशावर झोपत होत्या. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि वर गेल्या. थोड्या वेळानं डोक्यावर बॅग ओढल्याचा आवाज आला.

वंदना झाली, खीर झाली. निघताना गायकवाडकाका फार सभ्यपणे म्हणाले की पुढच्या रविवारपर्यंत हा खांब राहिला तर समितीला अध्यक्षाबाबत विचार करावा लागेल, आपण समजून घ्याल. दादांनी समजून घेतलं. त्यांनी मला एक लगावली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते अंगणात फिरत राहिले, खांबापाशी जाऊन थांबायचे, स्वतःच्या हातचं सिमेंट बोटांनी चाचपायचे, परत फिरायचे. खांब ठेवला तर जन्मभराचं वागणं खोटं, काढला तर वरची बॅग फाटकाबाहेर. आई शेवटी म्हणाली, "अहो, वर जाऊन बोलून तरी या." भाडेकरूंच्या घरात घरमालकानं जायचं नसतं, हा दादांचा नियम. त्या दिवशी ते बनियनवरच पहिल्यांदा जिना चढले. मागून आई, आईच्या मागून मी.

मालाबाई कपाट रिकामं करत होत्या. सोमचाय खिडकीशी उभा होता, हसत नव्हता. दादांनी इंग्रजीत सुरुवात करून बघितली, मग सोडून दिलं, आणि नोईच्या समोर खाली बसले.

"तुझी आई का जातेय?"

"मे म्हनती," नोई म्हणाली, मे म्हणजे आई, "मालक हो म्हनला न्हाय. मंग कसं ऱ्हायाचं?"

"तिला सांग, खांबावर कोणी नाही. कधीच नव्हतं. लाकूड मी आणलं, मला माहीत आहे." नोईनं सांगितलं. मालाबाईंनी मान खाली घातली. हे त्यांना धीर देणारं नव्हतं. दादांनी अंगातलं बनियन खाली ओढलं. मग म्हणाले, "आणि सांग, या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. दुसऱ्या कोणाचं नाही. हो म्हणायचं तर ते मीच म्हणू शकतो. मी म्हणतो, राहा."

नोईनं त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमी मालक हाय?"

"हो."

"मंग सरबत पिनार?"

दादांना गोडाचा तिटकारा होता. चहासुद्धा बिनसाखरेचा. त्यांनी एकदा आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघायला लागली.

"पिईन," दादा म्हणाले. "पण हातात द्यायचं. गुडघ्यावर बसायचं नाही, माणसानं माणसासमोर तसं बसायचं नसतं. आणि उदबत्ती लावायची नाही. मी अजून जिवंत आहे."

हे सगळं नोईनं कसं सांगितलं कोण जाणे. सोमचाय बऱ्याच दिवसांनी खरं हसला. मालाबाईंनी बराच विचार केला, दादांना एकदा नीट निरखलं, आणि बॅग आडवी केली. पुढं त्या बॅगेवर कापड टाकून त्यांनी तिचं टेबल केलं.

दुसऱ्या सकाळपासून दादा ऑफिसला निघाले की जिन्याखाली मालाबाई पेला घेऊन उभ्या. दादा तोंड वाकडं न करता पूर्ण पेला संपवायचे, पेला परत द्यायचे, मान हलवायचे. एक दिवस चुकला नाही. सर्दी असली तरी प्यायले. रविवारी गायकवाडकाका खांब गेला का बघायला लवकर आले, तर अध्यक्ष दारात उभे राहून लाल सरबत पीत होते. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. "मालकी हक्क बजावतोय," दादा म्हणाले. खांबावरची माळ, उदबत्ती गेली होती, आणि मी जे खोटं सांगितलं होतं ते चिमण्यांनी मनावर घेऊन पायऱ्यांपर्यंत काड्या भरल्या होत्या. त्यावर समितीला बोलण्यासारखं काही उरलं नाही. तात्यांनी आपला गोटा आपणहून उचलला आणि कुंपणापलीकडे स्वतःच्या बांधावर नेऊन बसवला. पण फाटकातून येणं मात्र त्यांनी चालू ठेवलं. एकदा मालाबाईंनी त्यांच्याही हातात पेला दिला. पाणी नको म्हणणाऱ्या माणसानं तो तिथंच, आमच्या ओट्यावर बसून, घोटाघोटानं संपवला. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं आत जाऊन चहा टाकला.

आता धायरीला त्या जागी सात मजले आहेत आणि तो कोपरा पार्किंगमध्ये गेलाय. मी कोथरूडला राहतो. ज्यानं पणजीपर्यंत जायची स्वप्नं बघितली तो एवढ्यापर्यंत पोचला. लांब गेली ती माझी मुलगी. ती आणि तिचा नवरा तिकडे थंड देशात भाड्यानं राहतात, आणि परवा फोनवर सांगत होती की फोडणीच्या वासावरून खालच्या बाई कुरकुर करतायत, तीन वर्षांत तिसरं घर होईल. मी तिला म्हणालो, त्या घराचा मालक कोण आहे, त्याला एकदा काहीतरी गोड नेऊन दे. ती म्हणाली, बाबा, इथं असं नसतं. इथंही नव्हतं, हे तिला कसं सांगायचं.

सोमचायला पदवी मिळाली आणि त्यांचा निघायचा दिवस आला. बॅगा पुन्हा पट्टे आवळून फाटकाशी उभ्या, रिक्षा दारात, नोई गल्लीतल्या पोरांना "म्या परत येनार हाय" असं बजावून आलेली. राहायला विचारायचं तसं जायलाही विचारायचं असतं. मालाबाई जिन्याखाली पेला घेऊन उभ्या राहिल्या, उभ्याच, गुडघ्यावर न बसता. दादांनी पेला घेतला. आणि नुसता हातात धरून राहिले. प्यायलो तर होकार. सोमचायनं घड्याळ बघितलं. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. दादा फाटकाकडे बघत होते, चिमण्यांच्या घराकडे बघत होते, पेल्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

"अहो," आई हळूच म्हणाली, "प्या आता. लेकराची गाडी चुकेल."

दादांनी पेला तोंडाला लावला. मग दुसरीकडे बघत तो माझ्या हातात दिला, नोईशी हस्तांदोलन केलं, आणि रिक्षा गेली. मी पेल्यात बघितलं. तळाला घोटभर ठेवलेलं होतं. रिक्षा वळेपर्यंत थांबलो, आणि फाटकाकडे पाठ करून ते पिऊन टाकलं.

दादा घरात जाता जाता, मागं न बघता म्हणाले, "चूळ भरून घे."